रात्रपाळी, रुवी

जुने वैद्य म्हणत,
गर्भाला ऊब पुरली तर मुलगा,
उणी पडली तर मुलगी.
रुवीत रात्री अकरालाही बेचाळीस आहे;
या हिशेबाने मस्कतात मुलगेच जन्मावेत,
आणि अठरा अंशांवर ठेवलेल्या लॅबमध्ये
स्वेटर घालून बसलेल्या शमसा आणि मी...
बरोबर, बायकाच.

कुणी रज-रेताचं पारडं पाहिलं.
समसमान भरलं तर त्यांच्याकडे एक शब्द होता,
मी तो शाळेत शिवी म्हणून ऐकला.
काझींनी विचारलं, धार कुठून येते?
नंतर कुणी ग्रंथीची चकती काचेखाली धरली,
कुणी पेशीतला काळा ठिपका.
दर वेळी वाटलं, सापडलं.

मी सेहेचाळीस तुकडे
धुतलेल्या मोज्यांसारखे जोडीने लावते.
शेवटची जोडी काही पेशींत अशी,
काहींत तशी.
तीनदा मोजलं. चहा गार झाला.

खाली बाळाचा बाप, खमीस,
दाखल्याचा कागद घेऊन बसलाय.
दोन चौकोन, आणि सही.
शमसा त्याच्याशी बोलताना अडते;
अरबीत क्रियापदालाही ठरवावं लागतं.
माझ्या भाषेत बाळ 'ते' असतं:
ते रडतं, ते दूध ओढतं,
त्याचं वजन तीन किलो शंभर.
एवढं लिहून
पेनाला टोपण लावते.