पाहून द्या

निंदणाले गेलं तं रोजी ठरलेलीच असते,
बोलावं लागत नाई.
सांजच्याले मोजून देतात,
आपण पदराले गाठ मारायची.

लोकाईचे घरं साफ कराचं ठरवलं, तवा
पयल्यांदा कोणी इचारलं, "किती घेता?"
यशोधरानं माह्याकडं पाह्यलं, मी तिच्याकडं.
दोघीच्या हातात एकेक नवा फडा,
त्याच्यावरची दुकानाची सुतळीबी सुटली नोहती.
आन् तोंडातून निघालं,
"पाहून द्या."

मास्तरीणबाईनं पाह्यलं.
चार खोल्या, दोन संडास, गच्चीवरचं टाकं.
पाहून देल्ले दीडशे.
दोघीत.
वापस येताना नाल्याच्या पुलावर यशोधरा थांबली.
"बेबे," म्हणे,
"आपल्याले पाहाले येत नाई,
म्हणून त्यायनं पाह्यलं."

माह्या घरी शेणाची जमीन.
पाणी देल्लं तं पिते,
सारवलं तं बोटायच्या रेघा धरून ठेवते,
कोणाचा हात फिरला ते सांगते.
टाईल पीतच नाई.
जितकं ओतलं तितकं वापस.
आन् एकदा वाळली का
आपण तिथं होतो, हे कुठंच दिसत नाई.
चांगलं झालं तं दिसत नाई, असं काम हे.
मंग भाव कशाचा सांगाचा?

फागुनात खैरकारायचा कापूस गेला.
तीन महिने हॉलात छताले टेकला होता,
सोफा अंगणात, टीव्ही सैपाकघरात.
ट्रक वळला आन् घर उघडं पडलं:
पंख्याच्या पात्यावर रुई,
लग्नाच्या फोटोमागं रुई,
स्विचच्या भोकात सरकी.
आम्ही कोपरापर्यंत तेल चोपडून गेलो,
पायात पोरायचे जुने मोजे,
तरी खाज सुटली ते दोन दिवस सुटली.

"देवघर राहू द्या," काकू म्हणे,
"ते आमचं आम्ही पाहू."
यशोधरानं फडकं पिळलं,
पायजे त्याच्याहून जरा जास्तच पिळलं.
"आन् मंग तितके कमी करा."

मले वाटलं, आता माह्या तोंडातून तेच निघते.
पण ती बोलली,
"देवघराचे आम्ही धरलेच नोहते, काकू.
कापसाच्या खोलीचे आठशे.
कूलरच्या टाकीतला खार खरवडाचे तीनशे.
देव तुमचेच.
रुई आमची."

काकू हासली का रागावली, मले दिसलं नाई.
मी स्टुलावर होती, डोयात रुई गेली होती.
पण अकराशे ठेवले तिनं,
हातात नाई,
ओट्यावर, लोणच्याच्या बरणीखाली.
आम्ही उचलले.
बरणीच्या बुडाचा तेलाचा गोल डाग उठला होता,
तो पुसला.
ते अकराशेतच होतं.

राळेगावच्या छापखान्यातलं पोरगं म्हणे,
"धंद्याचं नाव काय टाकू?"
हे तं आम्ही इचारातच घेतलं नोहतं.
"बेबीनंदा गेडाम आन् यशोधरा मून," यशोधरा म्हणे,
"हेच टाक."
"वर झाडूचं चित्र टाकू?"
"चित्र नोको. तितक्या जागेत भाव लिव्ह."

मास्तरीणबाईचा फोन आला वैशाखात,
पोरीले पाहाले पाहुणे येणार होते.
काम झाल्यावर पर्स उघडून इचारलं, "किती देऊ?"
मी कार्ड पुढं केलं.
हात जरा कापला, खोटं काहून बोलू.
"वाचून द्या."

घरी आली तं सारवण राह्यलंच होतं.
बादलीत शेण कालवाले बसली.
दारातून नवरा म्हणे,
"आपल्या घरचं किती घेशीन वो?"
गंमत केली त्यानं.
माहा हात थांबला.
एक खोली, पडवी, अंगण,
शेण आणाचं अलग,
वीस वर्षं झाले...
मी मोजाले लागली.