हाय की लो

हैदराबादचा माणूस फोनवर एकच विचारतो,
हाय टॉर्क आहे की लो.
हाय असेल तर सव्वाचार लाख.
लो असेल तर, म्हणतो, बघू.

बाबा हाय म्हणायचे.
बाजूच्या पत्र्यावरही तेच लिहिलंय,
पण पत्र्याचं काय धरायचं,
असले स्टिकर सीताबर्डीत चाळीस रुपयांना जोडी.

म्हणून मंगळवारीत, खुशाल परात्यांच्या गॅरेजात,
मे महिन्याचे सकाळचे अकरा,
आणि राजदूत साडेतीनशे उघडी पडलेली
गोणपाटावर, पाटावर,
नटबोल्ट चहाच्या बशीत.

पराते बनियनला चष्मा पुसतात.
"एवढं सोपं नसते बाप्पा.
क्रँक तोच, गिअर सहाचे सहा,
रीडच्या पात्या त्याच.
पयली गाडी पेट्रोल प्याची पाण्यावानी,
मंग कंपनीनं घसा आवळला.
धूर जायाची वाट एवढुशी केली.
नंबरावर जाऊ नको, नंबर ठोकणारे भेटतात.
रंगावर त नकोच.
बोट घाल."

मी घातलं.
वीस वर्षं फळ्यावर कोन दाखवणारं बोट
उजव्या सिलिंडरच्या तोंडात:
ओतीव धातूची खरखर,
कमान बसकी,
वरची कड साच्यातून निघाली तशीच.
"लो," पराते म्हणाले,
कपाळाला हात लावून ताप सांगावा तसं.

मग डावं.
डाव्यात बोट वर गेलं, आणखी वर,
नखभर.
कड गुळगुळीत, पण सरळ नाही,
मध्येच एक बारीक खळगा.

पराते बराच वेळ बोलले नाहीत.
टॉर्च मारली, विझवली, पुन्हा मारली.
"हे कारखान्यातलं नाई.
हे कानस माही होय.
अन् इथं, हे पाय,
इथं लाइट गेली होती."

दिवाळीआधी आले होते म्हणे बाबा,
मिलमधून थेट, भुवयांवर कापूस,
खिशात दीडशे.
"दोन्हीचे तीनशे होत होते.
म्हणे एकच कर, बोनस झाला का दुसरं."
बोनस झाला नाही.
पुढच्या दिवाळीला मिलच्या फाटकाला कुलूप.

कामठी रोडवर चौथ्या गिअरला
गाडी थरथरायची, डाव्या पायाखाली जास्त.
टाकीवर बसलेल्या माझे दात वाजायचे,
मागे आई पदर दातांत धरून,
आणि बाबा वाऱ्यात ओरडून सांगायचे,
हाय टॉर्क आहे, असंच असतं!
आम्हाला वाटायचं, असंच असतं.

पराते कपाटात कानस शोधताहेत.
"करून देऊ का उजवं?
पैशाचं तवाच ठरलं होतं."

फोन पुन्हा वाजतो.
बोटाचं काळं ओढणीला लागतं.
सांगते, डावं हाय, उजवं लो.
तो हसतो. म्हणतो, मॅडम,
असं मॉडेल कंपनीनं काढलंच नाही.
बरोबर आहे, मी म्हणते,
कंपनीनं नाही.

दोन वाजता सगळं परत बसतं.
बशीत एक वॉशर उरलाय.
राहू दे, पराते म्हणतात,
मागच्या वेळीही उरला होता.