कोणती प्रत ठेवायची

फाइल आहे.
काल रात्री मी तिला माझ्या डोळ्यांनी पाहिली,
चुलीत ओली लाकडं धुमसत होती,
शेवटच्या ओळीत आकडा भरला: दोनशे बारा दोर,
सगळे शिंपल्यांनी लगडलेले.
कोपऱ्यात छोटीशी हिरवी खूण उमटली. जतन झालं.
इतकी निश्चिंत झाले मी
की फोन उशाशीसुद्धा घेतला नाही.

आता कास्त्रोच्या कचेरीत
सेन्योरा ओयार्सो चष्मा पुसतायत, तिसऱ्यांदा,
आणि मी काच खरवडतेय बोटाने,
उलट्या घातलेल्या होडीचं शेवाळ खरवडावं तशी.

"अलीकडचे" मध्ये नाही.
"डाउनलोड" मध्ये विजेचं बिल आहे, एकच, सात वेळा.
"माझ्या फाइली" मध्ये भाचीच्या दाताचा एक्स-रे.
"इतर" उघडलं तर आत
अजून एक "इतर".
ऑफिसचं अ‍ॅप म्हणतं, ड्राइव्हवर बघा.
ड्राइव्ह म्हणतं, ती या फोनवरच असणार.
फोन म्हणतो, जागा संपली.
काखेत कळसा म्हणावं
तर काखही तपासून झाली.

क्लाउडमध्ये ठेव, असं सहकारी संस्थेतला पोरगा म्हणाला होता,
ढगात काही हरवत नाही, एर्मेलिंदा.
मी दाल्काउएची.
आमच्याकडे वर्षातले थोडे दिवस सोडले
तर ढग छपरावरच बसलेला असतो.
त्याच्या भरवशावर दोरीवर टाकलेल्या चादरींचं काय होतं
ते मला विचार.

नावाने शोधा, म्हणे.
मीच दिलेली नावं, कोणाला दोष देऊ?
हिशेब.
हिशेब नवा.
हिशेब नवा खरा.
हिशेब नवा खरा हाच.
आणि त्याच्याखाली, मी न दिलेलं:
हिशेब नवा खरा हाच, बाउतिस्ताची विसंगत प्रत.

बाउतिस्ता माझा भाऊ.
खाडीपलीकडे राहतो, फेरीने पाच मिनिटं,
दोन हिवाळे झाले, ती पाच मिनिटं कोणी ओलांडली नाहीत.
वडिलांच्या होडीचं इंजिन कुणाचं, एवढ्यावरून.
आम्ही बोलत नाही.
आम्ही एकच तक्ता भरतो.
तो भरतो समुद्रात, जिथे रेंज नसते,
मी भरते चुलीशी,
आणि मध्यरात्री कधीतरी ते दोन तक्ते
आमच्या वतीने भांडतात.

त्याच्या प्रतीत: दोनशे एकवीस.

नऊ जास्त. वाटलंच होतं मला.
मी खाली सरकवत गेले, रागारागाने,
रिकामे चौकोन, रिकामे चौकोन,
तीनशे चाळिसाव्या ओळीत, जिथे कोणी जात नाही,
एका चौकोनात न मावणारं वाक्य:
सातव्या रांगेतले नऊ तुझे. ऑगस्टच्या वादळात तुटले होते,
मी पुन्हा बांधले. तू मोजत का नाहीस?

तारीख पाहिली. सप्टेंबर.
आज एप्रिल आहे.
म्हणजे सात महिने हे इथे होतं,
माझ्याच खिशात, माझ्याच नावाच्या फाइलशेजारी,
आणि मी दर वेळी ती सूचना
बोटाने बाजूला सारत होते, माशी सारावी तशी.

फोन विचारतो: कोणती प्रत ठेवायची?
तुमची.
त्यांची.
तिसरं बटण नाही. मी वर-खाली सगळीकडे पाहिलं.

"सापडली का?" सेन्योरा ओयार्सो.
सापडली म्हटलं. दोन सापडल्या.
त्यांनी चष्मा चढवला.
एकच घेता येते, म्हणाल्या,
आणि ती पीडीएफ हवी,
बारा वाजायच्या आत.

बारा वाजायला वीस मिनिटं आहेत.
भावाचा नंबर मी दोन वर्षांपूर्वी पुसून टाकला होता.
तो मात्र क्लाउडमधून परत आलाय,
तीन वेळा,
एकाच नावाने.