नऊ अंश

एरंडवण्यात, सायकलच्या दुकानावर, पहिला मजला.
नाझनीन तांबोळी म्हणते, डोळे मिटा.
टाच धरून माझा पाय हळूच वर नेते,
थांबते. ही जागा लक्षात ठेवा.
मग खाली.
आता तुम्ही न्या तिथंच.

मी नेते. अगदी खात्रीनं नेते.
ती कोनमापक लावते,
कंपासपेटीतलाच, फक्त लांब हातांचा,
आणि म्हणते, नऊ अंशांनी चुकलं.

सत्तेचाळीस वर्षं ज्याच्यावर उठले-बसले
तो अंधारात कुठे असतो
मला माहीत नाही.

मग ती काळी नळी चढवते गुडघ्यावर,
कुणाच्या तरी सदऱ्याची कापलेली बाही असावी तशी.
ओढताना कातडीला चिमटे बसतात.
पुन्हा डोळे. पुन्हा वर.
चार, ती म्हणते. वहीत लिहिते.

आधारबिधार नाही हो हा,
एवढंसं कापड काय वजन पेलणार.
ते कातडीला नुसतं सांगत राहतं, इथे आहेस, इथे आहेस.
काहींना फरक पडतो. काहींना काडीचा नाही.
आणि ज्यांचा गुडघा मुळात हुशार
त्यांचा कधी उलट गोंधळतो.
माझा हुशार नाही, एवढं ठरलं.

पण होता.
मधल्या पाटीवर उकिडवी बसायचे मी,
मातीत बोटं टेकून, पळणाऱ्यांवर नजर.
मागून सुरेखा भोंडवेचा तळहात पाठीवर पडायचा,
घामट, खरखरीत,
आणि ‘खो’ कानात शिरायच्या आत
मी अर्ध्या मैदानात असायचे.
कधी त्याच्याही आधी. मग पंचांची शिट्टी,
आणि सर म्हणायचे, कुदळे, तुला धीर कसा नाही गं.

तेव्हा गुडघा कुठे आहे हे
कुणी विचारलं नव्हतं.

नळी चौदाशे पन्नासला. घेतली.
घालून नाही आले, पर्समध्ये ठेवली.
जिन्याच्या वरच्या पायरीवर, कुणी नाही बघून,
डोळे मिटले, गुडघ्यावर स्वतःचाच तळहात ठेवला.
काहीच झालं नाही.
दुसऱ्या हातानं कठडा धरून उतरले,
एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत.

खाली दुकानात एक पोरगा
उलट्या सायकलचं चाक फिरवत होता.
तारांवर एक बोट अलगद टेकवलेलं.
बघत होता रस्त्याकडे, कुठल्याशा बसकडे.
मधेच थांबला,
एक तार जराशी आवळली,
आणि चाक पुन्हा सोडून दिलं.