वीसपैकी पंधरा

लिंत्सच्या दवाखान्यात, काचेपलीकडे
ओटमार बसलाय, गुडघ्यांवर हात ठेवून,
शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा.
स्पीकरमधून कुणीतरी एकेक शब्द टाकतं.
आवाज जुना, कधीचा रेकॉर्ड करून ठेवलेला;
तो माणूस आता असेल-नसेल.
हाउस, म्हणतो तो.
माउस, म्हणतो माझा नवरा.
घराचा उंदीर झाला. मी हसू दाबते.

मागच्या वर्षी वीसपैकी चार.
आज पंधरा.

डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून दाखवलं होतं:
कानात तीन हाडं, हातोडी, ऐरण, रिकीब.
ऐरणीला चिमटवलाय एक दाणा, तांदळाएवढा,
बाहेरचं यंत्र बोलेल तसा तो थरथरतो.
साध्या यंत्रानं याचा कान सारखा वाहायचा, म्हणून हे.
मी म्हटलं, बाई, एकोणचाळीस वर्षं
यानं पाणघणाखाली गवतकाप्यांची पाती धरली.
ऐरणीनंच नेलं, तर ऐरणीनंच परत द्यावं.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, खानावळीत आकडा घसरेल, लग्नात तर नक्कीच.
आणि स, फ, ट यांचा भरवसा धरू नका.

खरं सांगायचं तर दोष एकट्या घणाचा नाही.
त्याचं ऐकणं आटत गेलं तशी
मी वाक्यं आखूड करत गेले,
झिजल्या बाह्या कापून बंडी करतात तशी.
आधी 'बहुतेक' गेलं. मग 'मला आपलं वाटतं'.
मग विनोद. (दोनदा ओरडून सांगितलेला विनोद
हा विनोद नसतो, सूचना असते.)
मग क्रियापद, जे आमच्याकडे बरेचदा शेवटी येतं,
आणि ते येईस्तोवर हा खिडकीबाहेर बघू लागायचा.
उरलं काय?
सूप. दार. गोळी. चल.
म्हणजे अठरा वर्षं घरी मी हीच परीक्षा घेतली,
गुण न मांडता.

परतताना बसमध्ये तो काहीच बोलला नाही.
कानामागे ती चकती, बटणाएवढी, केसांत अर्धी लपलेली.
स्टायर नदी पुलाखाली वाजत होती,
की मलाच वाटलं, कोण जाणे.

रात्री टेबलाशी मी म्हटलं: मीठ.
त्यानं बरणी सरकवली.
आणि थांबला.
'ऐकलं,' म्हणाला. 'पुढं?'

पुढं?
मिठाच्या पुढं काय असतं, वाल्ट्राउट?
चमचा हातात तसाच.
जीभ जड, गंजल्या बिजागरीसारखी.
मग मी सुरुवात केली, की पलीकडच्या नोट्बुर्गाचा हंस,
तोच, ज्याला नाताळला कापायचं ठरलं होतं
आणि जो तिच्या नातवाच्या रडण्यामुळे वाचला,
त्यानं काल, म्हणजे मला आपलं वाटतं कालच,
पोस्टमनच्या सायकलचं अख्खं सीट

क्रियापद सापडेना.
तो माझ्या ओठांकडे नव्हता बघत,
डोळ्यांकडे बघत होता. वाट पाहत.

ते पाच शब्द कुठले होते,
विचारायचं राहूनच गेलं.