हातचा

नेफासित ते अस्मारा : सातशे मीटर चढ.
लेतेब्रहान बावन्न किलो, सायकल नऊ.
नऊ पूर्णांक आठने गुणलं –
चार लाख अठरा हजार ज्यूल.
म्हणजे शंभर कॅलरी.
म्हणजे एक केळं.

ती हसली. "एवढंच?"

एवढंच पोचतं चाकापर्यंत, म्हटलं.
चार खाल्लीस तर तीन केळी
अंगातूनच ऊब होऊन जातात.
पहाटे धुक्यात तुझ्या खांद्यांवरून
वाफ निघते ना, ती.
वारा अजून धरलेलाच नाही,
रस्त्याचं घासणंही नाही.

आज निवडीची शर्यत.
नवव्या वळणाखाली सेंहितची साखळी तुटली.
लेतेब्रहान वळली, उतरून गेली,
स्वतःची सायकल तिला दिली
आणि तुटकी ढकलत
परत वळणापर्यंत आली, अनवाणी,
बूट गळ्यात अडकवून.

वहीत लिहिलं :
जिथून वळली तिथेच परतली.
उंचीतला फरक शून्य.
काम शून्य.

मग पेन तसंच धरून बसलो.
शाळेत मास्तर ओरडायचे,
हातचा कुठे गेला रे?

डांबराने तळवे काळे झाले होते तिचे.
केळं सोलत म्हणाली,
अर्धं घे.