एका पुडीत बसतील इतके

पवननगरच्या पार्लरवालीनं
माझी वेणी तळहातावर तोलली,
मेथीची जुडी तोलावी तशी.
म्हणाली, कटचे दीडशे,
रंगाचं लांबीवर असतं काकू,
तुमचे… चौदाशे धरा.
मी म्हटलं, विचारून येते.
कुणाला विचारणार होते, देव जाणे.

सोमवारी कंपनीत नवे फोटो.
अंबडला आमच्या लाइनवर सगळ्यांच्या डोक्याला टोपी,
टोपीखाली कुणाचं काय पिकलंय कोण बघतो!
पण कार्डावर टोपी चालत नाही,
आणि ठेकेदाराचा पोरगा कार्ड हातात घेऊन
वय वाचतो
जन्मतारखेकडे न बघता.
सुलभाताईंना तो दिवाळीनंतर म्हणाला,
"आराम करा आता."
किती गोड म्हणाला.

पुडी पंधराची.
कमरेपर्यंतच्या केसांना तीन लागतात,
तीन पुड्या म्हणजे दीड दिवसाचं दूध.
तेव्हा पुड्या वाढवायच्या नाहीत,
केस कमी करायचे.

मास्तरांना म्हटलं, तुम्हीच कापा.
(अख्खी कॉलनी त्यांना मास्तर म्हणते, मीही.)
ते म्हणाले, कापडाची कात्री केसांना लावत नाहीत.
धार जाते.
तीस वर्षांत ती कात्री
पोरांच्या पतंगाला मिळाली नाही,
दुधाच्या पिशवीला मिळाली नाही.
मी काही बोलले नाही.
मशीनपुढच्या स्टुलावर जाऊन बसले,
त्यांच्याकडे पाठ करून.

बऱ्याच वेळानं
गळ्यातली टेप ओढल्याचा आवाज.
मानेपासून खाली, गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माप.
"एकोणतीस," म्हणाले,
आणि वहीत लिहिलंसुद्धा.
मग खडूनं ब्लाउजच्या पाठीवर आडवी रेघ.
"इथपर्यंत?"
"वर."
दुसरी रेघ.
"अजून वर. एका पुडीत बसतील इतके."

केसांत कात्री शिरते तेव्हा
कापडासारखा सरळ आवाज येत नाही.
करकरते, थांबते, पुन्हा करकरते,
जशी कुणाची तरी परवानगी घेते आहे.
"डावीकडे तिरपं गेलं. उसवून—" म्हणाले,
आणि स्वतःच गप्प झाले.
"राहू दे," मी म्हटलं,
"मान तरी कुठं सरळ आहे माझी."

आइस्क्रीमच्या डब्यात रंग कालवला,
कानांना खोबरेल,
दात घासायचा जुना ब्रश.
अर्धा तास थांबायचं होतं, तोवर भात लावला.
डाव्या कानामागे पुडी संपली.
बोटभर रुंद पट्टी तशीच राहिली,
पांढरी.
"फोटो समोरून काढतात," मास्तर म्हणाले.

साडेपाचला नळ आला. डिसेंबरचं पाणी,
टाळूत खिळा ठोकल्यासारखं.
मोरीतून काळं वाहत राहिलं,
मी बघत राहिले, किती गेलं, किती उरलं.

ठेकेदाराच्या पोरानं कार्ड पाहिलं.
पुढचं उचललं.

कापलेले केस मास्तरांनी
पेपरात घडी घालून, टाचणी लावून ठेवले होते,
वर चिठ्ठीही, फक्त नाव नव्हतं.
गुरुवारी "केसांवर भांडीऽऽ" आली.
तिनं बट उजेडात धरली.
"पांढरे निघतायत मावशी."
"निघणारच."
मी पातेलं मागितलं होतं,
तिनं चहाची गाळणी दिली.

आठवडाभर कात्री कापड चावत होती.
मला ऐकू येत होतं
आतल्या खोलीतून.

शनिवारी सुट्टी. गॅलरीत कपडे वाळत घालताना
खाली धारवाल्याचं चाक फिरताना दिसलं.
ठिणग्या उडत होत्या भर उन्हात,
आणि शेजारी मास्तर,
हात मागे बांधून,
दवाखान्याबाहेर उभं राहावं तसे.
कात्रीचे साठ घेतो तो.
चार पुड्या.

वर आल्यावर म्हणाले,
"खालच्या जाधवांची विळी होती,
म्हणून थांबलो."
मी हो म्हटलं.
नव्या गाळणीतून चहा गाळला.
एक पत्ती खाली आली नाही.